शिवलेलं चालत नाही

समोरच्या नागराजच्या कापड दुकानातून सनाउल्ला पिशवी घेऊन बाहेर पडला, तेव्हा विठोजी भावसार आपल्या दुकानाचं शटर वर करत होते. शटर अर्ध्यावरच राहिलं. विठोजी तसेच वाकून आत गेले आणि मशीनसमोरच्या स्टुलावर बसले. सनाउल्लाच्या चेहऱ्यावर मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधून आलेल्या बापाचं समाधान होतं, आणि तेच विठोजींना सहन झालं नाही.

खरं तर कापड घेणाऱ्या माणसाकडे बघून शिंप्यानं खूश व्हायला हवं. पण नागराज तयार कपडेही विकायचा, आणि तयार कपडे घालणारा माणूस दुसऱ्याच्या मापात आयुष्य काढतो असं विठोजींचं ठाम मत होतं. सनाउल्लाचं माप त्यांना टेप न लावता पाठ होतं. त्याच्या लग्नाची शेरवानी त्यांनी शिवली, दर ईदचा कुडता त्यांनी शिवला, पोट सुटलं तशी प्रत्येक विजार त्यांनीच सैल करून दिली. सनाउल्लाचं किल्ल्यांचं दुकान आणि त्यांचं दुकान यांत एकच भिंत होती. बंगळुरातल्या हलसूरच्या त्या गल्लीत कन्नड, तमिळ, दख्खनी सगळं ऐकू यायचं, पण मराठी ऐकू यायची ती फक्त त्या भिंतीच्या दोन बाजूंना. विठोजींचे पूर्वज कुठल्याशा सरदाराच्या फौजेबरोबर इथं आले ते इथलेच झाले. सनाउल्ला निपाणीहून किल्ल्या घासायला आला होता. एवढ्या एका भाषेवर दोघांची जन्माची मैत्री जमली होती.

मग गेल्या वर्षी समोर नागराज आला, आणि तोही नेमका निपाणीचा निघाला. दोघांची शाळा एक, ओढा एक, तंबाखूच्या वखारीतला वासही एक. ते दोघं बोलायला लागले की विठोजींच्या हातातला चहा गार व्हायचा. त्यातून एकदा नागराज म्हणाला होता, "विठोजीअण्णा, तुमची मराठी गोड आहे की, पण निम्मी कानडीच वाटत्याय." सनाउल्ला त्यावर हसला होता. विठोजी ते हसणं अजून विसरले नव्हते.

थोड्या वेळानं सनाउल्लाच आत आला. त्यानं पिशवीतून दोन पांढरीशुभ्र, टॉवेलसारखी जाड कापडं काढून कटिंगच्या टेबलावर ठेवली.

"बघ की. मक्केला, उमऱ्याला जायचा एहराम. एक नेसायचं, एक खांद्यावर घ्यायचं. आणखी एक जोड घरी ठेवलाय."

"मला सांगितलं असतंस तर मी नसतं शिवलं?"

"अरे, शिवलेलं चालत न्हाई. पुरुषानं अंगाच्या मापानं शिवलेलं काहीच घालायचं न्हाई. डोकं उघडं, अत्तर न्हाई, केस-नखं कापायची न्हाईत. मक्केच्या अलीकडं एक हद्द आहे, मीकात म्हणतात. उमऱ्याला निघालेल्या माणसानं एहरामशिवाय ती ओलांडायची न्हाई. आमचं विमान वरनंच ओलांडणार, म्हणून घरातनंच नेसून निघायचं आणि हद्द यायच्या आत नीयत, म्हणजे मनाशी संकल्प, करायची. मौलानांनी वर्गात सगळं समजावलंय."

विठोजींनी एवढं सगळं ऐकलं, पण त्यांच्या कानात राहिली ती चार अक्षरं आणि नंतरचा नकार. शिवलेलं चालत नाही. आयुष्यभर ह्या माणसाला आपण झाकलं, आणि हा आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या ठिकाणी निघाला तो नागराजच्या कापडात.

"सरी, बरं," ते म्हणाले. "ने. सुम्नेच, उगीच विचारलं."

पुढचे काही दिवस विठोजींनी कात्री आपटत काढले. कोणी ब्लाऊज घेऊन आलं तरी "शिवलेलं कुणाला हवंय आता" असं पुटपुटत ते माप घ्यायचे. त्यांची बायको मथुरा काज-बटणाचं काम करत कोपऱ्यात बसलेली असायची. एकदा तिनं मान वर न करताच विचारलं, "अहो, तो देवाला चाललाय की नागराजबरोबर पळून चाललाय?"

त्यात सनाउल्लाला नेसता येईना. जन्मभर विजार घातलेला माणूस; पोट गोल, कंबर नावापुरती. विठोजींच्या दुकानातल्या मोठ्या आरशासमोर तो कापड गुंडाळून उभा राहायचा, दोन पावलं टाकायचा, आणि कापड घसरायचं. विठोजींना मनातून बरं वाटायचं. पण एकदा नागराज रस्ता ओलांडून आला. तो घरी पंचाच नेसायचा. त्यानं कापडाची दोन टोकं धरली, एक घडी अशी, एक तशी, वर एक मुरड, आणि कापड सनाउल्लाच्या पोटावर मुकाट बसलं. विठोजींच्या आरशात, विठोजींच्या दुकानात नागराज सनाउल्लाच्या कमरेशी वाकला होता. हे म्हणजे फारच झालं.

नागराज गेल्यावर कापड पुन्हा घसरलं, तेव्हा विठोजींना वाचा फुटली.

"दोन्ही जोड माझ्याकडे दे. कोऱ्या कापडाला खळ असते, म्हणून घसरतं. मथुरा साध्या पाण्यात धुईल, मी इस्त्री करून देतो. वासाचा साबण लावणार नाही, काळजी करू नको."

"एवढं करशील?"

"एवढं तरी करू दे की," विठोजी म्हणाले, आणि ते त्यांनी अगदी मनापासून म्हटलं.

शिवायचं असं त्यांच्या मनात तेव्हा खरोखर नव्हतं. पण धुतल्यावर कडेचे धागे निघाले. धागे निघालेलं कापड परत कसं द्यायचं, म्हणून त्यांनी कड दुमडून टीप मारली. टीप मारल्यावर कापड शहाण्यासारखं पडायला लागलं. मग वाटलं, नागराजनं घातली तशी घडी नुसती टाचून ठेवली तर सनाउल्लाला सोपं जाईल. टाचलेली घडी सुटेल, म्हणून ती आतून हातानं शिवली. घडी शिवली तर बाजूनं उघडं का ठेवायचं, म्हणून बाजू जोडली. आता कमरेला काहीतरी हवंच होतं. तिथं विजारीचे दोन हूक आले. आणि हूक आल्यावर पासपोर्टसाठी आतून एक चोरखिसा न देणं हा विठोजींच्या हाताचा अपमान झाला असता.

मथुरानं ते पाहिलं. "चालत नाही म्हणाला होता ना तो?"

"दिसलं तर शिवलेलं," विठोजी म्हणाले. "दिसलंच नाही तर ते नुसतं कापड."

"हे कुणी सांगितलं?"

"माझ्या वडिलांनी. चांगली शिलाई दिसत नाही म्हणायचे ते."

मग त्यांनी दुसरा जोडही तसाच केला. अर्धवट काम त्यांना कधी जमलंच नव्हतं.

निघायच्या दिवशी सनाउल्लाच्या घरी गल्ली लोटली होती. मशिदीतली जुनी माणसं आली होती, नागराज आला होता, मथुरा सनाउल्लाबरोबर निघालेल्या त्याच्या बायकोला, नसीमाला, सामानाला मदत करत होती. सनाउल्ला आंघोळ करून आतल्या खोलीत आला, तेव्हा विठोजी कापडं घेऊन आधीच उभे होते.

"तू वर बघ आणि काय म्हणायचं ते म्हण. मी नेसवतो."

विठोजी कमरेशी वाकले की दोन्ही हात पसरून छताकडे बघायचं, ही सनाउल्लाला लग्नापासूनची सवय. त्यानं हात पसरले, डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटत राहिला. हूक लागल्याचं त्याला कळलंही नाही. दुसरं कापड खांद्यावर घेऊन तो बाहेर आला, आणि बसलेले लोक उठून उभे राहिले, इतकं ते रूप देखणं होतं. सनाउल्ला खाली बसला, उठला, वाकून मोठ्यांच्या हाताला हात लावले. कापड जागचं हललं नाही.

"काय बसलंय," तो थरारून म्हणाला. "नागराज, तुझ्या कापडाला तोड न्हाई बघ."

"मी म्हणालो नव्हतो? पकड आहे त्याला," नागराज म्हणाला. "खालनं वरपर्यंत सूत बघ."

मशिदीतले एक वृद्ध पुढे आले, त्यांनी कापडाचा पोत चाचपला आणि आपल्यासाठीही दोन जोड बाजूला ठेवायला सांगितले. दुसऱ्यानं दुकानाची वेळ विचारली. कोणीतरी नागराजच्या पाठीवर थाप मारली. नागराज नम्रपणे मान खाली घालून उभा होता, आणि ती नम्रता विठोजींच्या नाकाला मिरचीसारखी झोंबली. दहा बोटं झिजवून केलेलं काम कुणाला दिसत नव्हतं, कारण ते दिसूच नये म्हणून तर त्यांनी बोटं झिजवली होती. गप्प बसलो तर सगळं सुरळीत होईल हे त्यांना कळत होतं. त्यांनी गप्प बसण्याचा प्रयत्न केलाही.

"ते कापडाचं नाही," त्यांच्या तोंडून निघालं. "माझ्या हुकांचं आहे."

"कसले हूक?" सनाउल्लानं विचारलं.

"आतल्या बाजूला. दोन आहेत. खिसापण आहे."

सनाउल्लाचा हात कमरेकडे गेला आणि तिथंच थांबला. नसीमा सामानाच्या बॅगेवर बसली. मथुरानं कपाळाला हात लावला.

"विठ्या," सनाउल्ला हळू आवाजात म्हणाला, "मी तुला काय सांगितलं होतं?"

"शिवलेलं चालत नाही. पण सना, ते कळलंच नसतं कुणाला. माझी शिलाई आहे."

"मला कळलं नसतं. ज्याच्या दारी निघालोय त्याला कळलं असतं की."

आपण काय करून बसलो ते त्यांना तेव्हा कुठं उमगलं. ह्या प्रवासासाठी सनाउल्लानं किती वर्षं दुकानाला सुट्टी दिली नव्हती, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"अजून नीयत केली न्हाई," सनाउल्ला स्वतःला धीर देत म्हणाला. "ती विमानात, मीकातच्या आधी. तोवर काही बिघडलं न्हाई. बॅगेतला दुसरा जोड काढ, नसीमा."

विठोजी खाली बघत म्हणाले, "त्यालाही खिसा आहे."

"काळजी कशाला?" नागराज पुढे झाला. "समोर दुकान आहे. नवा जोड आणतो."

"नको," विठोजी म्हणाले. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. "मी उसवतो. मी शिवलंय, मीच उसवणार. सना, ह्याचं पुन्हा घेऊ नकोस."

सनाउल्लानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. "नागराज, तू आण आणि जवळ ठेव. विठ्या, तू गाडीत बस आणि उसव. विमानतळ येईपर्यंत झालं तर तुझं, न्हाई तर ह्याचं. मथुराअक्का, तुम्हीही चला, ह्यांना आवरायला कुणीतरी पाहिजे."

अशी ती वरात निघाली. सनाउल्ला पुन्हा विजार-शर्ट घालून पुढे बसला. मधल्या सीटवर विठोजी, मांडीवर एहराम आणि हातात ब्लेड. शेजारी नागराज, मांडीवर नवा कोरा जोड. मागे दोघी बायका आणि उरलेलं सामान. नागराज त्या जोडावर नुसता हात ठेवून बसला होता, आणि ते विठोजींना टोमण्यापेक्षा वाईट वाटत होतं.

बंगळुरात विमानतळाला निघालेला प्रत्येक माणूस रस्ता मोकळा मिळावा म्हणून देवाचा धावा करतो. विठोजी बहुधा पहिलेच, ज्यांनी हेब्बाळला गाड्या तुंबलेल्या असाव्यात म्हणून हात जोडले. पण मेख्री सर्कल मोकळं, हेब्बाळचा पूल रिकामा.

"आज रोड पूरा खाली है, सर," ड्रायव्हर खुशीत म्हणाला.

"स्वल्प हळू चालव रे," विठोजी काकुळतीला येऊन म्हणाले. "निधानवागी."

टीप सापडत नव्हती. दोरा कापडाच्याच रंगाचा, टाका दाण्याएवढा बारीक; स्वतःच्या हातानं लपवलेलं स्वतःच्याच डोळ्यांना दिसेना. मशीनच्या टिपा निघाल्या, पण आतली हातशिलाई हाती लागेना. ब्लेड जपून चालवावं तर वेळ जातो, घाई करावी तर कापड फाटतं. शेवटी नागराजनंच न विचारता कापडाचं एक टोक धरलं आणि खिडकीच्या उजेडात ताणलं.

"इथं आहे बघा एक टाका."

"दिसला तुला?" विठोजींनी संशयानं विचारलं.

"न्हाई. हाताला लागला. दिसत कुठं आहे? काय हात आहे अण्णा तुमचा."

विठोजींना बरं वाटलं, आणि नागराजच्या तोंडून ऐकून बरं वाटलं म्हणून लगेच राग आला. ते उसवत राहिले. नागराज टाके चाचपून द्यायचा, ते कापायचे. असं बरंच अंतर गेलं.

सनाउल्ला पुढून वळून बघत होता. "तुला एवढं काय लागलं रं?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात आता राग नव्हता.

"तू तिथं उभा राहणार," विठोजी म्हणाले, "आणि तुझ्या अंगावर माझं काहीच नसणार. ह्याचं असणार."

"अरे वेड्या, तिथं कुणाच्याच अंगावर कुणाचं काही नसतं. कोट्यधीश असू दे न्हाई तर किल्लीवाला, दोन कापडं. कुणी शिवलं, कुठनं घेतलं, कोण विचारणार? म्हणून तर शिवायचं न्हाई."

विठोजींनी ह्यावर विचार केला. "म्हणजे नागराजचंही नाव नाही?"

"कुणाचंच न्हाई."

नागराजचा चेहरा किंचित उतरला. विठोजींच्या हाताला मात्र वेग आला. गाडी विमानतळाच्या प्रस्थानाच्या चढावर वळत असताना त्यांनी शेवटचा हूक तोडला आणि सगळं कापड मांडीवर पसरलं. कडेची टीपही त्यांनी ठेवली नव्हती. कापड पुन्हा नुसतं कापड झालं होतं, आडवं, बिनआकाराचं, धागे निघालेलं. इतकं सफाईदार काम आपण कधी केलं नाही असं त्यांना वाटून गेलं.

टर्मिनलबाहेरच्या स्वच्छतागृहात सनाउल्ला ते घेऊन गेला, तेव्हा विठोजी आणि नागराज दोघंही मागे गेले. दोघांनी हात पुढे केले. पण सनाउल्लानं दोघांना थांबवलं, आपलं आपण कापड गुंडाळलं, घडी घातली, मुरड दिली आणि दोन पावलं चालून दाखवली. कापड राहिलं. दोघांनाही थोडं वाईट वाटलं.

बाहेर नसीमा ट्रॉलीशी उभी होती. अंगात पायघोळ, सैल झगा, डोक्याला घट्ट ओढणी. विठोजी आता एहरामातले जाणकार झाले होते.

"अक्का, तुम्हीही बदलून घ्या की. वेळ आहे स्वल्प."

"मी बदललंय, अण्णा. हाच माझा एहराम."

"हा शिवलेला आहे."

"बायकांना शिवलेलं चालतं," नसीमा म्हणाली. "तोंड तेवढं उघडं ठेवायचं. बाकी अंगभर, सैल, नेहमीसारखं शिवलेलं."

विठोजी तिच्याकडे बघतच राहिले. मथुरानं ट्रॉलीचा दांडा धरला.

"तुमच्याकडंच टाकणार होते शिवायला," नसीमा पुढे म्हणाली. "ह्यांना म्हटलं, तुमचं न्हाई तर न्हाई, माझे सगळे झगे विठोजीअण्णाच शिवतील. दुकानाच्या पायरीपर्यंत येऊन गेले. पण तुम्ही कात्री आपटत म्हणत होता, शिवलेलं कुणाला हवंय आता म्हणून. मला वाटलं, आत्ता नको."

"मग हा कुणी शिवला?"

नागराज अचानक सामानावरचं लेबल वाचायला लागला.

"माझा मेव्हणा," तो लेबलाला म्हणाला. "इंदिरानगरात टाकलंय त्यानं दुकान. नवीनच आहे."

विठोजींनी झग्याकडे पाहिलं. ते न बघणं त्यांना शक्यच नव्हतं. खांदा खाली उतरला होता. डावी बाही उजवीपेक्षा लांब होती. गळ्याशी एक चुणी पडली होती, जी मथुरानं शिकाऊ असतानाही पडू दिली नसती. सनाउल्ला त्यांच्याकडे बघत होता. नसीमाही बघत होती, आणि तिनं नकळत बाही मनगटावर ओढून घेतली. ती आज देवाच्या घरी निघाली होती, आणि हाच झगा घालून निघणार होती.

विठोजींनी झग्यावरून नजर काढली.

"छान बसलाय," ते म्हणाले.

मथुरानं चमकून नवऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्या शिंप्याच्या कामाला छान म्हणताना तिनं त्यांना संसारात पहिल्यांदाच ऐकलं होतं. नसीमाचा चेहरा खुलला. सनाउल्लानं पुढे येऊन विठोजींना मिठी मारली, एक हात कमरेवर ठेवूनच, कारण मुरडीवर त्याचा अजून पुरता विश्वास बसला नव्हता.

"सगळ्यांनी काही ना काही मागायला सांगितलंय," तो कानाशी म्हणाला. "तू काहीच बोलला न्हाईस. तिथं तुझ्यासाठी काय मागू?"

"माझ्यासाठी राहू दे," विठोजी म्हणाले. त्यांनी नागराजकडे पाहिलं आणि आवाज जरा चढवला. "ह्याच्या मेव्हण्यासाठी माग. बाहीचं जमू दे म्हणावं त्याला. नवीन आहे बिचारा."

परतीच्या वाटेवर हेब्बाळला गाड्या तुंबल्या होत्या. नागराज नव्या जोडाची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. मग त्यानं विचारलं, "मेव्हण्याला सांगू का अण्णा, तुम्ही छान म्हणालात म्हणून?"

"सांग की."

"आणि बाहीचं?"

विठोजी खिडकीतून बाहेर बघत होते. "ते तू नको सांगू," ते म्हणाले. "तिकडनं येईल."